फिकट रेघ म्हणजे नक्की किती? (डेंग्यूचं कार्ड, सोन्याचे कण आणि आमचे सासरे)

लोकमान्यनगरची_सून | बुधवार, सकाळी ९.१०
मंडळी, सासऱ्यांना (वय ७१) रविवारपासून ताप आहे. काल संध्याकाळी नाक्यावरच्या लॅबमध्ये रक्त दिलं, डेंग्यूचं कार्ड केलं. 'सी'समोर ठसठशीत लाल रेघ. 'टी'समोर रेघ म्हणावी की भास म्हणावा असं काहीतरी. मी चष्मा लावून पाहिलं तर आहे, नवऱ्याने पाहिलं तर नाही, लॅबमधल्या पोराने पाहिलं तर 'वीकली पॉझिटिव्ह'. नवऱ्याने हट्टाने ते कार्ड पिशवीत घालून घरी आणलंय, म्हणे पुरावा.

प्लेटलेट १ लाख ६२ हजार. डॉक्टरांनी भरपूर पाणी, पॅरासिटामॉल, रोजचा काउंट आणि एलायझा (लॅबमधली मोठी रक्ततपासणी) सांगितलंय. ते सगळं चालू आहे, तेव्हा उपचारांचे सल्ले नकोत. पपईच्या पानांचा रस तर नकोच, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी अर्धा तांब्या आणून ठेवलाय.

माझा प्रश्न वेगळाच. ही रेघ कशाची असते? शाईची? आणि फिकट रेघ म्हणजे थोडासा डेंग्यू का? आपला दूधवालासुद्धा डेअरीवर फॅट आकड्यात मोजून घेतो, मग रक्तातलं हे प्रकरण आकड्यात का सांगत नाहीत?

जिरावन_जास्त | ९.२२
'थोडासा डेंग्यू' :)) थोडीशी गरोदर, तसं.
काकांना आराम पडो. कार्ड देवघरात ठेवू नका म्हणजे झालं.

टेस्टट्यूब_ताई | ९.४०
जिरावन, विनोद बरोबर जागी बसला, कारण गरोदरपणाच्या पट्टीची आणि डेंग्यूच्या कार्डाची जात एकच. मी गेली चौदा वर्षं लॅबमध्ये आहे, दिवसाला अशी पंधरा-वीस कार्डं हातून जातात.

ताई, आधी एक सांगा: रक्त टाकल्यावर किती मिनिटांनी रेघ पाहिली? आणि कार्ड घरी द्यायला नको होतं त्यांनी. वापरलेलं आहे ते, मुलांपासून लांब ठेवा.

कॅटवाले_काका | १०.३५
शाई नाही. सोनं आहे.

खरंखुरं सोनं. या कार्डांत बहुतेक वेळा साधारण २० ते ४० नॅनोमीटर जाडीचे सोन्याचे कण असतात. सोनं एवढं बारीक झालं की पिवळं राहत नाही. त्यातले इलेक्ट्रॉन सगळे मिळून एका तालात हलतात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश पिऊन टाकतात. हिरवा गेला की डोळ्यांना उरतो तो लाल. रंगाच्या एका रेणूपेक्षा असा एक कण हजारो पट जास्त प्रकाश खातो, म्हणून थोडे कण एका जागी जमले तरी नुसत्या डोळ्यांना रेघ दिसते.

आता ते रेघेवर का जमतात? थेंब टाकतो तिथून पुढे एका पॅडमध्ये हे कण वाळवून ठेवलेले असतात आणि प्रत्येक कणावर अँटिबॉडी, म्हणजे एका ठरावीक प्रथिनालाच धरणारा रेणू, चिकटवलेली असते. तुमच्या रक्तात डेंग्यू विषाणूचं एनएस१ नावाचं प्रथिन असेल तर ती अँटिबॉडी त्याला धरते. मग सगळा लोंढा कागदातून पुढे सरकतो. टी-रेघेवर दुसरी अँटिबॉडी चिकटून बसलेली असते, ती त्याच प्रथिनाला दुसऱ्या अंगाने पकडते. मध्ये प्रथिन, एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला सोनं. प्रथिन नसेल तर सोनं टीवर न थांबता पुढे निघून जातं. सी-रेघ सोन्यावरच्या अँटिबॉडीलाच धरते, म्हणजे ती एवढंच सांगते की पाणी वाहिलं आणि सोनं शाबूत होतं. सी ठळक आहे याचा आजाराशी काही संबंध नाही.

(निवृत्त आहे. १९८४मध्ये सुरू झालेल्या आमच्या संस्थेचं, 'सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी'चं, नाव २००५मध्ये बदललं, पण राजेंद्रनगरचा रिक्षावाला अजून 'कॅट'च म्हणतो.)

सराफ्यातला | ११.०२
एक मिनिट. सोनं?? मग वापरलेली कार्डं कुठे फेकता तुम्ही लोक?

टेस्टट्यूब_ताई | ११.०५
आलाच हा.

कॅटवाले_काका | ११.४८
सराफ भिया, हिशोब करू. ४० नॅनोमीटरच्या एका गोळीत सोन्याचे साधारण २० लाख अणू. एका कार्डात समजा हजार कोटी गोळ्या आहेत. वजन भरलं साडेसहा मायक्रोग्रॅम. तुमची एक गुंज जमवायला जवळजवळ १९ हजार कार्डं लागतील, आणि ती जाळून, आम्लात उकळून गाळायचा खर्च वेगळा.

सराफ्यातला | ११.५१
१९ हजार कार्डांना एक गुंज. सोडा. आमच्या दुकानाच्या झाडलोटीत महिन्याला जास्त निघतं. रात्री दुकानापुढे भुट्ट्याच्या कीसाची गाडी लागते, तिथे या सगळे, चर्चा तिथे करू.

वैद्यांचा_नातू | दुपारी १२.३०
यात नवीन काय? सुवर्णभस्म हेच तर आहे. आपल्याकडे नॅनो आधीपासून होतं, आता पेटंट परदेशी लोक घेतात.

नीलकंठ_नैनो | १.१५
भस्मात अतिसूक्ष्म सोनं सापडतं हे खरंय, त्यावर प्रबंध झालेत. पण नातूसाहेब, इथे बारीक सोनं ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे त्यावर बसवलेली अँटिबॉडी, जी हजार प्रथिनांतून एकच ओळखते. भस्म कोणाला ओळखत नाही. काचेत रंग म्हणून सोनं तर रोमन लोकही वापरायचे: चौथ्या शतकातला लायकर्गस चषक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, बाहेरून उजेड पडला तर हिरवा, आत दिवा ठेवला तर लाल. त्यांनाही डेंग्यू कळत नव्हता.

मी बडोद्याची, रावपुऱ्यातली. पीएचडी याच विषयात रखडलीय. पहिल्यांदा सोन्याचे कण बनवले तो दिवस सांगते. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं पाणी उकळायला ठेवायचं आणि खदखदलं की त्यात ट्रायसोडियम सायट्रेट ओतायचं. १९५१ची टर्केविचची कृती, अजून तीच चालते. पिवळा रंग जातो, पाणी पाण्यासारखं होतं, मग एकदम काळपट-निळसर. मला वाटलं बिघडलं, गॅस बंद करायला हात पुढे गेला, आणि त्याच मिनिटाला ते जांभळं होत होत कोकमाच्या सरबतासारखं लाल झालं. मी नाचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं तर काळा गाळ. का? चंचुपात्र अम्लराजाने नीट धुतलं नव्हतं, आदल्या दिवशीचे कण काचेला चिकटले होते. गाईडने एक शब्द न बोलता ब्रश हातात दिला.

त्या लाल पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की ते निळं पडतं. कणांमधलं एकमेकांना दूर ठेवणारं बळ जातं, ते गोळा होतात आणि रंग सरकतो. नुसत्या या गुणावर १९९६मध्ये डीएनए ओळखायची पद्धत निघाली: दोन प्रकारच्या कणांवर डीएनएचे तुकडे लावायचे, जुळणारा धागा मिळाला की कण एकत्र येतात आणि लालाचं निळं होतं. यंत्र नको, काही नको.

जिरावन_जास्त | १.२०
लाल कोकम, निळं मीठ... ताई तुम्ही बडोद्याला उपाशी आहात का? इंदूरला या.

नीलकंठ_नैनो | १.२४
शेवउसळ खाऊन लिहितेय.

पेन्शनर_रामबाग | २.४०
कॅटवाले काका, फॅराडेचा उल्लेख राहिला. १८५७मध्ये त्याने हेच लाल सोनं करून दाखवलं होतं. त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आहेत, अजून लाल. आमच्या घरी आणलेलं कोकम आठवड्यात बुरसतं.

लोकमान्यनगरची_सून | ४.१०
वा, एवढं कोणी सांगितलं नव्हतं! सगळ्यांचे आभार. आजचा काउंट १ लाख ३८ हजार, ताप १०१. बाबा चिडचिड करताहेत म्हणजे ठीक आहेत.

पण मूळ प्रश्न तसाच. सोन्याचे कण मोजा ना मग! जितकं प्रथिन तितके कण, तितकी गडद रेघ. फोटो काढा, गडदपणा मोजा, आकडा द्या.

अ‍ॅपवाला_विजयनगर | ४.३०
एक्झॅक्टली. मोबाइलचा कॅमेरा आणि थोडं एआय, लॅबची गरजच नाही. पाच वर्षांत ही नाक्यानाक्यावरची दुकानं बंद.

टेस्टट्यूब_ताई | रात्री ९.५५
ड्यूटी संपली, आता निवांत लिहिते. अ‍ॅपवाले, माझं दुकान बंद करायच्या आधी हे वाचा.

आमच्याकडे मे महिन्यात ४३ अंशांत कार्डांचा खोका आला. डब्यावर लिहिलेलं असतं, ३० अंशांच्या वर ठेवू नका. पोराने तो स्कूटरवर, पायांपाशी ठेवून, सांवेर रोडहून दुपारी दोन वाजता आणला. उघडून कंट्रोल नमुना लावला तर सी-रेघच फिकट. सोन्याला काय होणार, सोनं तसंच, पण त्यावरची अँटिबॉडी उन्हाने थकली. अख्खा खोका परत केला, एजंटाशी भांडले ते वेगळं. आता सांगा, त्या खोक्यातल्या कार्डावर तुमच्या मोबाइलने गडदपणा बरोब्बर मोजला असता, आणि आकडा साफ चुकला असता.

दुसरं. आकडा असा हवेत येत नाही. आधी ठाऊक असलेल्या मात्रेचे चार-पाच नमुने लावावे लागतात, त्यांची वक्ररेषा काढावी लागते, मग पेशंटचा उजेड त्या रेषेवर कुठे बसतो ते पाहायचं. दूधवाल्याच्या यंत्रालाही कोणीतरी आधी ठाऊक असलेल्या दुधाने लावून दिलेलं असतंच ना. नाक्यावरच्या कार्डाला अशी रेषा नसते. ते बनवलंय 'आहे की नाही' एवढ्यासाठी.

तिसरं, आणि हे सगळ्यात मजेचं. प्रथिन खूपच जास्त झालं तर रेघ फिकट होऊ शकते. दोन कड्यांची पेटी समजा, ती दोघांनी मिळून उचलायची. पेट्या कमी असतील तर दोघे एका पेटीला हात घालतात. पेट्यांचा ढीग पडला तर प्रत्येक हमाल आपापली वेगळी पेटी धरून उभा राहतो, दोघांनी धरलेली एकही नाही. याला आम्ही हूक इफेक्ट म्हणतो. गरोदरपणाच्या पट्टीवर हे पाहिलंय मी, नमुना पातळ करून लावला तेव्हा रेघ ठळक झाली.

अ‍ॅपवाला_विजयनगर | १०.१०
ओके, हूक इफेक्ट माहीत नव्हता. माघार. अर्धी.

कॅटवाले_काका | गुरुवार, सकाळी ६.५०
ताई, पेटीची उपमा उत्तम. पण 'आकडा येत नाही' हे सरसकट खरं नाही. तुमच्याच लॅबमध्ये टोस्टरएवढं यंत्र असेल, ट्रोपोनिन (हृदयविकाराच्या झटक्यासाठी) आणि डी-डायमर (रक्ताच्या गुठळीसाठी) करणारं. त्यातही अशीच पट्टी जाते. फक्त त्यातल्या बऱ्याच यंत्रांत सोन्याऐवजी चमकणारे मणी असतात, कित्येकदा युरोपियम धातूचे. अतिनील प्रकाश पाडला की ते ६१५ नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतात.

त्यातली खुबी अशी की रक्त, प्लास्टिक, कागद हेसुद्धा अतिनीलमध्ये थोडे चमकतात आणि खऱ्या खुणेला झाकून टाकतात. पण त्यांची चमक काही नॅनोसेकंदांत विझते. युरोपियमची शेकडो मायक्रोसेकंद टिकते, म्हणजे लाखभर पट जास्त. देवळात आरती संपताना टाळ्या आणि घंटा एकदम वाजतात. टाळ्या थांबल्यावर कान द्या, घंटेचा नाद तेवढा उरतो. यंत्र तेच करतं: दिवा बंद, क्षणभर थांबा, मग मोजा.

टेस्टट्यूब_ताई | ७.२०
आहे टोस्टर. त्याच्या प्रत्येक खोक्यासोबत एक चिप येते, ती घातल्याशिवाय चालत नाही. वक्ररेषा त्या चिपमध्ये भरलेली असते. म्हणजे माझाच मुद्दा :)

नीलकंठ_नैनो | ९.०५
मी क्वांटम डॉटवाल्या पक्षाची. कॅडमियम सेलेनाइडचे स्फटिक, २ नॅनोमीटरचे असले तर निळे, ६चे असले तर लाल, पदार्थ तोच. आणि सगळ्यांना एकाच दिव्याने पेटवता येतं. म्हणजे एका थेंबात चार आजारांच्या चार रंगांच्या खुणा. १९९८मध्ये पेशींवर खूण म्हणून ते वापरले गेले आणि २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना या डॉटसाठीच मिळालं.

कॅटवाले_काका | ९.३०
कॅडमियम. ते कचऱ्यात कुठे टाकणार? आणि एकेकटा डॉट मध्येच मिचकावतो, चालू-बंद. मोजणाऱ्याला नको वाटतं.

मी रामन पक्षाचा. रामन परिणामात रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि त्यातून रेणूची स्वतःची बोटांच्या ठशासारखी नक्षी मिळते, रेघा इतक्या अरुंद की दहा खुणा एकत्र ठेवल्या तरी गल्लत नाही. अडचण एवढीच की एक कोटी प्रकाशकणांतला एखादाच असा रंग बदलून विखुरतो. १९७४मध्ये साउदम्प्टनला खरखरीत केलेल्या चांदीवर पिरिडीन ठेवून पाहिलं तर संकेत अचाट वाढला, पुढे कळलं की चांदी-सोन्याच्या फटीत तो लाखो पटींनी वाढतो. म्हणून आता सोन्याच्या कणावर रंगाचा रेणू बसवून, वर काचेचं कवच चढवून खूण करतात.

नीलकंठ_नैनो | ९.४४
काका, त्या 'फटी'नेच माझी पीएचडी अडवलीय. दोन कणांमधली फट एका नॅनोमीटरने इकडेतिकडे झाली की संकेत कुठल्या कुठे जातो. सोमवारची बॅच आणि मंगळवारची बॅच जुळत नाही. ठसा सुंदर मिळतो, आकडा मिळत नाही. तुम्ही २८ फेब्रुवारीला भाषणं देता, आम्ही बीकर घासतो.

कॅटवाले_काका | ९.५०
मान्य. भाषण या वर्षीही आहे, या.

जिरावन_जास्त | १०.१२
सोनं, चांदी, युरोपियम, कॅडमियम. सराफ भिया, दुकान वाढवा.

औषधवाली_सुदामानगर | ११.३०
थोडं अवांतर, पण आकड्यांवरून आठवलं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्या खूप बायका येतात. बऱ्याच तपासण्यांमध्ये खूण पकडून ठेवायला बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांची जोडी वापरतात. रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ते जोडीतली जागा बळकावतं आणि आकडा खोटा येतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१७मध्ये यावर इशारा दिला होता, ट्रोपोनिन खोटं कमी दिसल्याचा. थायरॉइडचं रक्त द्यायला जाताना गोळी घेताय हे लॅबला सांगा.

टेस्टट्यूब_ताई | ११.४५
+१००. हे रोज सांगते, रोज कोणीतरी विचारतं, 'ती तर केसांची आहे, तिचा रक्ताशी काय संबंध?'

आणि खुणा कोणत्या चांगल्या यावर वर जे चाललंय, त्यात माझी एक भर. खूण कितीही झगमगू दे, अँटिबॉडी जर भलत्यालाच धरत असेल तर तुम्ही चूकच झगमगीत करून दाखवताय. मला रोज खुणेने कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो अँटिबॉडीने, उन्हाने आणि घाईने.

सूनबाई, मी विचारलेलं तसंच राहिलं. रेघ किती मिनिटांनी पाहिली?

लोकमान्यनगरची_सून | दुपारी ३.१५
सॉरी, आज धावपळ होती. काउंट १ लाख ४४ हजार, चढला! ताप ९९.

मिनिटं... आम्ही सहाला रक्त दिलं. त्या पोराने कार्डावर थेंब टाकले आणि समोर चहाला गेला. आम्ही बाहेर बाकावर. आला तेव्हा पावणेसात झाले असतील. मग त्याने उचलून दिव्याखाली धरलं, आणि म्हणाला 'हलकी आहे बघा'.

टेस्टट्यूब_ताई | ३.२२
हेच वाटलं होतं. बहुतेक कार्डं १५-२० मिनिटांत वाचायची असतात, पाकिटावर लिहिलेलं असतं. पुढे कागद वाळतो, पाणी उडतं, मागे राहिलेलं सोनं रेघेच्या खाचेत करडट-गुलाबी छटा धरतं. पाऊण तासाच्या रेघेला मी पॉझिटिव्ह म्हणत नाही आणि निगेटिव्हही म्हणत नाही. नवं कार्ड लावते.

पण म्हणून डेंग्यू नाहीच असंही समजू नका. एनएस१ तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत मिळतं. काकांना आधी कधी डेंग्यू झाला असेल तर जुन्या अँटिबॉडी त्या प्रथिनाला आधीच झाकून टाकतात आणि कार्ड हुकतं. म्हणून एलायझा, आणि पाचव्या-सहाव्या दिवसानंतर आयजीएम (शरीराने स्वतः बनवलेल्या अँटिबॉडीची तपासणी). सरकारी नोंदीतही एलायझाच धरतात, कार्ड नाही.

लोकमान्यनगरची_सून | ३.३०
एलायझामध्येही सोनं?

नीलकंठ_नैनो | ४.०२
नाही, तिथे खूण म्हणून एन्झाइम. एक एन्झाइम हजारो रेणूंचा रंग बदलत बसतो: आधी निळा, वरून आम्ल टाकलं की पिवळा, आणि ४५० नॅनोमीटरवर यंत्र वाचतं. सोबत ठाऊक असलेले नमुने त्याच ताटलीत लागतात. तरी डेंग्यूत तुम्हाला ग्रॅममध्ये आकडा मिळणार नाहीच, मर्यादेच्या किती वर किंवा खाली एवढंच गुणोत्तर येतं.

पेन्शनर_रामबाग | ४.४०
म्हणजे शेवटी दूधवाला जिंकला.

लोकमान्यनगरची_सून | सोमवार, सकाळी १०.०५
धागा वर काढतेय. एनएस१ एलायझा निगेटिव्ह. शनिवारी आयजीएम केलं, तेही निगेटिव्ह. ताप शुक्रवारीच गेला. डॉक्टर म्हणाले कुठलातरी व्हायरल, नाव कळणार नाही. बाबा काल पोहे-जलेबी मागून खाते झाले. काकूंना रसाचा तांब्या धुऊन परत दिला, त्या म्हणतात रसानेच गेला. मी वाद घातला नाही.

एकच. नवऱ्याने आज ड्रॉवरमधून ते कार्ड काढलं. मंडळी, टीची रेघ आता चक्क दिसतेय, मलाही आणि त्यालाही, चष्म्याशिवाय! तो म्हणतो, बघ, मी पुरावा जपला.

टेस्टट्यूब_ताई | १०.०९
त्यांना म्हणावं, आणखी महिनाभर ठेवा, अख्ख्या कॉलनीला डेंग्यू निघेल. आजच लॅबला परत द्या ते कार्ड, त्यांच्या कचऱ्यात जाऊ दे.

सराफ्यातला | १०.११
लॅबला कशाला, वाटेत दुकान आहे आमचं. १८,९९९ बाकी.